चोवीस तासांची लघवी: स्टेरॉइड संप्रेरकांच्या अतिरेकाचे निदान करताना नमुना कसा गोळा करावा आणि अहवाल कसा वाचावा

गेली अनेक वर्षे मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवतो, आणि आमच्याकडे ज्या तपासणीचा नमुना सर्वाधिक वेळा वाया जातो ती चोवीस तासांच्या लघवीची तपासणी होय. त्यात यंत्राचा दोष क्वचित असतो. बहुतेक वेळा भर पावसात रात्री दोन वाजता अंगणापलीकडच्या संडासात जाऊन आलेल्या माणसाने ती एक लघवी कॅनमध्ये धरलेली नसते, आणि सकाळी कॅन आणून देताना तो ते सांगतही नाही. पुढे मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेतील लाखो रुपयांचे यंत्र त्या अपुऱ्या नमुन्याचा अचूक आकडा काढते आणि डॉक्टर त्या आकड्यावर विश्वास ठेवतात. हा लेख मुख्यतः रुग्ण, त्यांचे घरचे लोक आणि आमच्यासारख्या लहान लॅबमधील तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचे बाहेरचे कवच तीन प्रकारची स्टेरॉइड संप्रेरके तयार करते: साखर, रक्तदाब आणि ताण यांच्याशी संबंधित असलेले कॉर्टिसोल, मीठ आणि पोटॅशियम यांचा तोल राखणारे अल्डोस्टेरॉन, आणि पुरुषी लक्षणांशी निगडित अँड्रोजन गटातील संप्रेरके. हार्वे कुशिंग या अमेरिकी शल्यविशारदांनी १९१२ मध्ये अशा एका रुग्ण स्त्रीचे वर्णन केले आणि १९३२ मध्ये या विकाराचा संबंध मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतील गाठीशी जोडला, म्हणून कॉर्टिसोलच्या अतिरेकाला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. अल्डोस्टेरॉनच्या अतिरेकाला, तो १९५५ मध्ये मांडणाऱ्या जेरोम कॉन यांचे नाव मिळाले आहे.

आता रक्त सोडून लघवी का, हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो आणि तो योग्यच आहे. रक्तातील कॉर्टिसोल पहाटे चढते आणि मध्यरात्री अगदी खाली येते, त्यामुळे सकाळी आठला काढलेल्या रक्तावरून दिवसभरात एकूण किती तयार झाले हे कळत नाही. शिवाय रक्तातील बहुतेक कॉर्टिसोल प्रथिनांना चिकटलेले असते आणि शरीरावर परिणाम करणारा मोकळा भाग थोडाच असतो. मूत्रपिंडातून गाळला जातो तो हाच मोकळा भाग, म्हणून चोवीस तासांच्या लघवीत आलेले मोकळे कॉर्टिसोल हा दिवसभराचा जमाखर्च ठरतो. संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे ती बांधणारी प्रथिने वाढतात आणि रक्तातील एकूण कॉर्टिसोल खोटे वाढलेले दिसते. लघवीच्या तपासणीला ही अडचण येत नाही.

कोणाची तपासणी करावी

केवळ वजन वाढले म्हणून ही तपासणी करू नये, कारण मग निम्म्या गावाची करावी लागेल. पोटावर किंवा मांड्यांवर बोटाएवढे रुंद जांभळे चट्टे उमटणे, किरकोळ धक्क्याने काळेनिळे होणे, चेहरा गोल आणि लालसर होणे, मानेमागे चरबीचा उंचवटा येणे, तरुण वयात हाडे मोडणे किंवा रक्तदाब आणि मधुमेह एकदमच मागे लागणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर शंका घ्यावी. मांड्या आणि खांदे यांच्या स्नायूंची अशक्तता हे लक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते रुग्ण स्वतःच सांगतो, फक्त ऐकणारा हवा. मासळी विकणाऱ्या एक बाई गुडघ्यांसाठी म्हणून रक्त तपासायला आल्या होत्या. विळीसमोरच्या पाटावर बसून दिवसभर मासे कापायचे हे त्यांचे काम. ‘पाटावरनं उठवत नाय मला, विळी बाजूला सारून दोन्ही हात टेकायला लागतात,’ असे त्या म्हणाल्या. गुडघा दुखत असता तर त्यांनी गुडघ्याला हात लावून सांगितले असते, पण त्यांचा हात मांडीवर होता. चेहरा गोल, दंडांवर निळे डाग. डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी तपासायला सांगितली. त्यांच्या अहवालाकडे पुढे येऊच.

आधी औषधांची पिशवी रिकामी करून घ्या

नमुन्याचा कॅन देण्याआधी रुग्णाला घरातील सर्व औषधे एका पिशवीत घालून आणायला सांगावे, आणि ‘सर्व’ या शब्दात मलम, फवारे, सांध्यात घेतलेली इंजेक्शने, काढे, चूर्णे आणि वैदूकडच्या पुड्या येतात हे स्पष्ट सांगावे. किनारपट्टीच्या दमट हवेत गजकर्ण जाता जात नाही, आणि दुकानातून आणलेल्या ज्या ट्यूबने दोन दिवसांत खाज थांबते तिच्यात अनेकदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. अशी कित्येक मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण जुनी चिठ्ठी आणि जुनी ओळख दोन्ही गावात टिकून असतात. महिनोन्महिने मोठ्या भागावर चोळलेले असे मलम त्वचेतून रक्तात उतरते. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांतही कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेले असते.

बाहेरून स्टेरॉइड आले की शरीर स्वतःचे कॉर्टिसोल तयार करणे कमी करते. म्हणून रुग्णाचे रूप कुशिंगचे आणि लघवीतील कॉर्टिसोल मात्र अगदी कमी, अशी जोडी दिसली तर स्टेरॉइड बाहेरून येत आहे असे आधी धरावे. मघाच्या बाईंचा अहवाल नेमका असाच आला होता, आणि दुसऱ्या खेपेस त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेल्या करड्या पुड्यांची माळ बाहेर काढली. इथे एक धोक्याची सूचना द्यावीच लागेल: असे औषध सापडले तर ते रुग्णाने स्वतःहून एकदम बंद करू नये. निजलेल्या ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत, रक्तदाब आणि साखर कोसळून जीवावर बेतू शकते. औषध टप्प्याटप्प्याने कमी करणे हे डॉक्टरांचेच काम आहे.

याच्या उलट प्रकारही होतो. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध घेणाऱ्या रुग्णाची लघवी प्रतिपिंडांवर आधारलेल्या साध्या पद्धतीने तपासली तर ते औषधच कॉर्टिसोल म्हणून मोजले जाऊन आकडा खोटा वाढू शकतो. रेणूंच्या वजनावरून त्यांना ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या पद्धतीत दोन्ही रेणू वेगळे ओळखता येतात. फिट्ससाठीचे कार्बामाझेपिन आणि चरबीसाठीचे फेनोफायब्रेट ही औषधेही काही पद्धतींत घोटाळा करतात, म्हणून त्यांची नावे नमुन्याच्या अर्जावर लिहावीत. कोणते औषध थांबवायचे आणि किती दिवस, हे मात्र लॅबने ठरवू नये.

दिवस कोणता निवडावा

ताप, मोठे आजारपण, शस्त्रक्रिया, जागरण, दारू आणि तीव्र मानसिक ताण यांमुळे निरोगी माणसाचेही कॉर्टिसोल वाढते. शिमग्यात पालखी घरी येणार त्या दिवशी किंवा गणपतीत मुंबईहून दहा माणसे घरात उतरलेली असताना ही तपासणी ठेवू नये. एक तर झोप होत नाही, आणि त्या गर्दीत एखादी लघवी हमखास निसटते. उन्हाळ्यात कोकम सरबत, ताक, शहाळी यांचा मारा चालू असतो. तहानेपुरते पिण्यास हरकत नाही, परंतु दिवसाला ५ लिटरच्या वर पाणी पोटात गेले तर मोकळे कॉर्टिसोल खोटे वाढलेले दिसू शकते. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर उलट ते खोटे कमी दिसते, म्हणून अगोदर रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) पाहून घ्यावे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हा आकडा मुळातच वाढलेला असतो.

ट्रॉलरवर जाणाऱ्या खलाशांचा प्रश्न वेगळा आहे. कॉर्टिसोलसाठी मध्यरात्री लाळ तपासण्याची एक चांगली पद्धत आहे, पण ज्याची मध्यरात्र जाळे ओढण्यात जाते त्याच्या शरीराचे घड्याळच फिरलेले असते आणि ती तपासणी त्याच्यासाठी भरवशाची राहत नाही. त्याला लघवीची तपासणी अधिक सोयीची, मात्र बोटीवर कॅन सांभाळणे अशक्यच. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तो घरी असतो तेव्हा ती उरकून घ्यावी, अर्थात लक्षणे तीव्र असतील तर बंदीची वाट पाहू नये.

कॅन भरण्याची रीत

कॅन लॅबमधूनच घ्यावा. कोकमाच्या आगळाचा कॅन धुऊन आणलेला मी स्वतः पाहिला आहे. आगळात मीठही असते आणि आम्लही, त्यामुळे धुतल्यानंतर उरलेला अंशसुद्धा मोजमापात शिरू शकतो. सोबत एक स्वच्छ कोरडा मग ठेवावा, लघवी मगात करून कॅनमध्ये ओतावी.

समजा, सोमवारी सकाळी सात वाजता सुरुवात करायची आहे. सातला उठून केलेली लघवी टाकून द्यावी, कारण ती रविवारच्या रात्रीची आहे, आणि ‘सोमवार, सकाळी ७’ असे कॅनवर लिहावे. त्यानंतरची दिवसाची आणि रात्रीची प्रत्येक लघवी, थेंबन्‌थेंब, कॅनमध्ये जमा करावी. मंगळवारी सकाळी सातला उठून केलेली लघवी मात्र कॅनमध्ये घ्यावी, आणि तेथे मोजणी बंद करावी. सर्वांत जास्त चुका याच दोन टोकांना होतात: पहिली ठेवली जाते, शेवटची टाकली जाते, किंवा दोन्ही ठेवून चोवीसाचे बत्तीस तास होतात. शौचाला बसण्याआधी लघवी वेगळी करून घ्यावी. मासिक पाळीच्या दिवसांत शक्यतो नमुना घेऊ नये. एखादी लघवी चुकून गेलीच तर लपवू नये. कॅन रिकामा करून दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करणे हे चुकीच्या निदानापेक्षा फार स्वस्त पडते. कामावर जाणाऱ्याने रविवार धरावा, आणि रात्रीसाठी कॅन उशाशी नाही तरी माजघराच्या दाराशी असावा, म्हणजे पावसात बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही.

चोवीस तास कॅन थंड ठेवायचा असतो, साधारण २ ते ८ अंशांत. फ्रिजमध्ये लघवी ठेवायला घरातील मंडळींचा विरोध होणे स्वाभाविक आहे. त्याऐवजी मासळीची थर्माकोलची पेटी धुऊन घ्यावी आणि तीत बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या भोवती लावून कॅन ठेवावा, सहा-सात तासांनी बाटल्या बदलाव्यात. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा ही पेटी फ्रिजपेक्षा भरवशाची ठरते.

एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. अधिवृक्क ग्रंथीच्या आतल्या गाभ्यातील फिओक्रोमोसायटोमा या गाठीसाठी लघवीतील मेटानेफ्रिन तपासतात. ही संप्रेरके स्टेरॉइड नाहीत, आणि त्या तपासणीच्या कॅनमध्ये अनेक लॅब आधीच थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून देतात. ते पाणी समजून ओतून टाकू नये, कॅनमध्ये थेट लघवी करू नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये. कॉर्टिसोल आणि मेटानेफ्रिन या दोन्ही तपासण्या सांगितल्या असतील तर एकच कॅन चालेल की दोन लागतील, हे नमुना जेथे जाणार त्या प्रयोगशाळेला आधी विचारावे.

लॅबने करायची कामे

कॅन आल्यावर तो घट्ट बंद करून चांगला हलवावा, एकूण प्रमाण मापनपात्रात मोजावे, मगच लहान बाटलीत नमुना भरावा. मुंबईला फक्त ही लहान बाटली जाते, कॅन जात नाही, त्यामुळे अर्जावर लिहिलेल्या एकूण प्रमाणावर सगळा हिशेब उभा असतो. प्रयोगशाळा लिटरमागे ६० मायक्रोग्रॅम कॉर्टिसोल मोजते आणि एकूण लघवी २.१ लिटर असेल तर दिवसाचे १२६ मायक्रोग्रॅम होतात. एकदा माझ्याच हातून २१०० ऐवजी १२०० मिलिलिटर लिहिले गेले आणि अहवाल ७२ मायक्रोग्रॅमचा आला. रुग्णाचा मुलगा कॅनच्या पट्टीवरील खुणेचा फोटो काढून गेला होता म्हणून ती चूक उघडकीस आली. तेव्हापासून आम्ही प्रमाण दोघांनी मोजतो आणि अंकांबरोबर अक्षरांतही लिहितो.

नमुना पूर्ण आहे की नाही याची परीक्षा क्रिएटिनिन करते. स्नायूंतून ते रोज जवळजवळ ठरावीक प्रमाणात लघवीत येते: प्रौढ पुरुषात किलो वजनामागे दिवसाला साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रीत १५ ते २०, आणि वय वाढले की थोडे कमी. ५८ किलो वजनाच्या स्त्रीच्या नमुन्यात ८७० ते ११६० मिलिग्रॅम अपेक्षित असताना ४८० सापडले तर जवळजवळ अर्धी लघवी बाहेर गेली असे समजावे आणि कॉर्टिसोलची बाटली पाठवण्याआधीच रुग्णाला फोन करावा. अतिशय लठ्ठ किंवा स्नायू झिजलेल्या रुग्णात हा हिशेब ढोबळच राहतो. अशा वेळी दोन वेगवेगळ्या दिवसांचे क्रिएटिनिन एकमेकांशी जुळते का ते पाहणे अधिक उपयोगी पडते.

आकडा कसा वाचावा

अहवालावर छापलेली मर्यादा त्या प्रयोगशाळेच्या पद्धतीची असते. प्रतिपिंडांची पद्धत कॉर्टिसोलबरोबर त्याचे काही उपपदार्थही मोजते म्हणून तिची वरची मर्यादा जास्त असते, मास स्पेक्ट्रोमेट्रीची कमी. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या मर्यादेशी ताडून पाहणे हा निव्वळ गोंधळ आहे. काही अहवाल नॅनोमोलमध्ये येतात, तेव्हा १ मायक्रोग्रॅम म्हणजे २.७६ नॅनोमोल हे लक्षात ठेवावे. वरच्या मर्यादेच्या तीन-चार पटींपलीकडचा आकडा कुशिंगकडे ठामपणे बोट दाखवतो. त्याखालची माफक वाढ दारू, नैराश्य, अनियंत्रित मधुमेह आणि लठ्ठपणा यांतही दिसते. उलटपक्षी, काही रुग्णांत कॉर्टिसोल आठवडे-आठवडे नेमस्त राहून मध्येच उसळते, त्यामुळे एका सामान्य अहवालाने आजार नाकारता येत नाही आणि किमान दोन वेगळ्या दिवसांचे नमुने घेण्याची रीत आहे. जोडीला रात्री अकराच्या सुमारास १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड औषध देऊन सकाळी आठला रक्त तपासतात. निरोगी माणसात ते कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरते. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्क ग्रंथीची गाठ योगायोगाने सापडली असेल तर सौम्य अतिरेक लघवीत बऱ्याचदा दिसत नाही, तेथे डेक्सामेथासोनची तपासणीच आधी करावी.

अतिरेक पक्का झाला की रक्तातील एसीटीएच, म्हणजे अधिवृक्क ग्रंथींना कॉर्टिसोल तयार करायला लावणारे पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक, पाहतात. ते दबलेले असेल तर अधिवृक्क ग्रंथीचे सीटी स्कॅन, आणि दबलेले नसेल तर पियुषिका ग्रंथीचा एमआरआय, असा पुढचा रस्ता असतो. क्रम उलटा केला, म्हणजे आधीच स्कॅन काढले, तर निरुपद्रवी लहान गाठी सापडून रुग्ण नाहक घाबरतो.

अल्डोस्टेरॉन, ज्येष्ठमध आणि संपूर्ण प्रोफाइल

अल्डोस्टेरॉनची शंका रक्तातील अल्डोस्टेरॉन आणि त्याला चालना देणारे मूत्रपिंडातील रेनिन यांच्या गुणोत्तरावरून येते, आणि ती पक्की करण्यासाठी तीन दिवस जास्त मीठ देऊन मग चोवीस तासांची लघवी घेण्याची एक पद्धत आहे. लघवीत सोडियम २०० मिलिमोलच्या वर, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम मिठाएवढे, आले असूनही अल्डोस्टेरॉन १२ मायक्रोग्रॅमच्या वर राहिले तर अतिरेक सिद्ध मानतात. रक्तदाब खूप चढलेल्या, हृदय अशक्त असलेल्या किंवा पोटॅशियम फार घसरलेल्या रुग्णात ही परीक्षा धोक्याची आहे. सुकट आणि खारवलेले बोंबील आम्ही रोजच खातो म्हणून घरच्या घरी हा प्रयोग करता येईल, असे कोणी समजू नये.

रक्तदाब जास्त, पोटॅशियम कमी, आणि तरीही रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले, अशा रुग्णाला ज्येष्ठमधाबद्दल विचारावे. दशावतारी कलावंत, कीर्तनकार आणि भजनी मंडळी आवाजासाठी त्याची काडी तासन्‌तास तोंडात धरतात. त्यातील ग्लिसिरायझिनमुळे, मूत्रपिंडात कॉर्टिसोलचे कॉर्टिसोन करणारे विकर बंद पडते आणि मग कॉर्टिसोलच अल्डोस्टेरॉनचे काम करू लागते. लघवीतील अनेक स्टेरॉइडांचे उपपदार्थ एकाच वेळी मोजणाऱ्या स्टेरॉइड प्रोफाइलमध्ये हे लख्ख दिसते, कारण कॉर्टिसोलचे उपपदार्थ कॉर्टिसोनच्या उपपदार्थांच्या तुलनेत वाढलेले असतात. जन्मजात विकर नसलेल्या मुलांतही हेच चित्र येते, म्हणून काडी सोडून काही आठवड्यांनी रक्तदाब आणि पोटॅशियम पुन्हा तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

या प्रोफाइलमध्ये एकाच नमुन्यातील डझनभर किंवा अधिक स्टेरॉइडांचे उपपदार्थ वेगळे करून मोजतात. प्रेग्नेनट्रायोलोन वाढले तर २१-हायड्रॉक्सिलेज या विकराची जन्मजात कमतरता संभवते. मुलीला वयाआधी लव येणे किंवा तरुणीला दाढी-मिशांचे केस आणि अनियमित पाळी असणे यामागे कधी कधी तीच असते, आणि पीसीओएस (अंडाशयांचा विकार) म्हणून वर्षे निघून जातात. लहान बाळांकडून चोवीस तासांचा नमुना मिळणे अवघड असते, त्यांच्यात एका वेळच्या लघवीतील उपपदार्थांच्या गुणोत्तरांवर काम भागते. टेट्राहायड्रो-११-डीऑक्सिकॉर्टिसोल खूप वाढले आणि ग्रंथीत मोठी गाठ असली तर कर्करोगाचा विचार तातडीने करावा लागतो. युरोपातील केंद्रांनी प्रामुख्याने चालवलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गाठीचा आकार, सीटी स्कॅनवरील तिची घनता आणि लघवीचे हे प्रोफाइल या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याने अधिवृक्क ग्रंथीचा कर्करोग ओळखणे सुधारल्याचे दिसले. कोणाला काही महिन्यांत आवाज घोगरा होऊन झपाट्याने केस येऊ लागले तर नमुन्याच्या रांगेत न थांबता थेट अंतःस्रावी विकारांच्या तज्ज्ञाकडे जावे. तसे विभाग मुंबईत परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयांत आहेत.

ही प्रोफाइल तपासणी फार थोड्या प्रयोगशाळा करतात, आणि नमुना गोठवून पाठवायचा की थंड, किती मिलिलिटर, कोणत्या बाटलीत, याचे नियम प्रत्येकीचे वेगळे असतात. म्हणून रुग्णाला कॅन देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना फोन करावा. शुक्रवारी संध्याकाळी कुरिअरमध्ये काही देऊ नये, ते सोमवारपर्यंत कुठल्या तरी गोदामात पडून राहते. आणि त्याच नमुन्याची दुसरी लहान बाटली, नाव, तारीख आणि एकूण प्रमाण लिहून, डॉक्टरांनी अहवाल पाहीपर्यंत आपल्या डीप फ्रीजरमध्ये ठेवावी.